घर बदलतोय, ब्रॉडबँडचा करार अजून ९ महिने बाकी. सुटायचं कसं?

सुईदोरा

आम्ही पुढच्या महिन्याच्या अखेरीस घर बदलतोय. बांधाबांध, वीज, पत्ता बदलणं हे सगळं नवऱ्याने अंगावर घेतलंय आणि इंटरनेट माझ्या गळ्यात पडलंय, कारण घरात ते सगळ्यात जास्त मीच वापरते. मी घरून शिकवते. संध्याकाळी लागोपाठ वर्ग असतात. माझा आवाज जरा तुटायला लागला की मुलांच्या मागून कुणाचे तरी आईबाबा स्क्रीनवर डोकावतात, "मॅम, तुमचं नेट गेलं का?"

तर प्रकरण असं. सध्याचं फायबर कनेक्शन २४ महिन्यांच्या करारावर घेतलेलं आहे, त्यातले ९ महिने उरलेत. नव्या इमारतीत या कंपनीची लाइनच नाही. दुसऱ्या एका कंपनीची आहे आणि तिथले शेजारी तिच्यावर खूश आहेत. इथलं बंद करायचं, तिथे नवं घ्यायचं, एवढी साधी गोष्ट. कस्टमर केअरचं म्हणणं मात्र वेगळं. उरलेल्या ९ महिन्यांचं भाडं एकरकमी भरा, सुरुवातीला इन्स्टॉलेशन फुकट दिलं होतं त्याचे पैसे परत करा, आणि राउटरचं काय ते नंतर सांगू. मी म्हटलं, अहो, तुमची लाइन तिथे नाही हा माझा दोष आहे का? त्यावर पलीकडच्या मुलाने अतिशय गोड आवाजात विचारलं, "मॅडम, घर बदलणं थोडं पुढे ढकलता येईल का?"

करार काढून वाचला. "किमान कालावधीपूर्वी सेवा बंद केल्यास कंपनीच्या धोरणानुसार शुल्क लागू होईल" एवढं एकच वाक्य त्यात आहे. धोरण वेबसाइटवर आहे म्हणतात. वेबसाइटवर सापडतात त्या नव्या प्लॅनच्या जाहिराती.

हे असं सगळे पैसे घेणं बरोबर आहे का? भांडायचं तर कुठल्या मुद्द्यावर भांडायचं? आणि एक उपप्रश्न: याच कनेक्शनबरोबर लँडलाइन नंबर आला होता. तो सासऱ्यांनी बँकेपासून डॉक्टरांपर्यंत सगळीकडे देऊन ठेवलाय आणि तो जाणार हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.

उनाड_पतंग

एवढा विचार कशाला करताय? बँकेत जाऊन ऑटो-डेबिट रद्द करा, राउटरचा डबा भिंतीवर तसाच राहू द्या आणि निघा. तेवढ्या पैशांसाठी कोणी कोर्टात जात नाही.

जुना_टेलिफोन

वरचा सल्ला कृपया मनावर घेऊ नका. मी काही वर्षं एका ब्रॉडबँड कंपनीत सोडून जाणारी गिऱ्हाइकं थोपवायच्या टेबलावर होतो. आता तो धंदा सुटलाय, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

पैसे थांबवले म्हणून कनेक्शन बंद होत नाही, ते थकबाकीत जातं. बिल निघत राहतं, त्यावर विलंब शुल्क चढतं. मग डबा परत न केल्याची वेगळी रक्कम लागते, आणि शेवटी सगळं गाठोडं वसुलीवाल्यांकडे जातं. कोर्टात कोणी जात नाही हे खरं, पण वसुलीवाले फोन करकरून जीव नकोसा करतात, आणि अशी थकबाकी क्रेडिट रेकॉर्डवर गेली तर पुढे कर्जाच्या वेळी ती वर येते. ऑटो-डेबिट रद्द करायचंच आहे, पण अंतिम बिल चुकतं झाल्यावर.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही फोन करून "बंद करायचंय" म्हणालात, तिथेच तुमचा कॉल माझ्यासारख्यांच्या रांगेत आला. त्या रांगेतल्या माणसाचा महिन्याचा बोनस किती जणांना थांबवलं यावर ठरतो. तो तुम्हाला सगळ्यात मोठा आकडा सांगणार. आकडा खोटा असतोच असं नाही, पण स्क्रीनवर दिसणाऱ्या आकड्यांमधला तो वरचा असतो.

म्हणून बंद करण्याची विनंती आत्ता करूच नका. स्थलांतराची करा. ईमेलने, ग्राहक क्रमांक टाकून: अमुक तारखेपासून आम्ही अमुक पत्त्यावर राहायला जातोय, हेच कनेक्शन, याच प्लॅनसह तिथे हलवून द्या; देता येत नसेल तर तसं लेखी कळवा. एवढंच. दंड, अन्याय, ग्राहक न्यायालय यातलं एक अक्षरही पहिल्या ईमेलमध्ये नको. ही विनंती दुसऱ्या खात्याकडे जाते. ते पत्ता तपासतात आणि तिकिटावर, म्हणजे तुमच्या विनंतीच्या क्रमांक दिलेल्या नोंदीवर, शेरा मारतात: शक्य किंवा अशक्य. त्यांना तुम्हाला थांबवण्यात काही रस नसतो, त्यांना तिकीट मिटवायचं असतं.

"अशक्य" हा शेरा तिकीट नंबरसह हातात आला की चित्र पालटतं. आता करार तुम्ही मोडत नाही आहात, तुम्ही तो पाळायला तयार आहात आणि कंपनीला पाळता येत नाही. आमच्याकडे सुपरवायझरला शुल्क माफ करायचं तर सिस्टिममध्ये कारण निवडावं लागायचं, आणि "नव्या पत्त्यावर सेवा नाही" हे त्या यादीतलं तयार कारण होतं. "ग्राहक फार चिडलेत" असं कारण त्या यादीत नव्हतं. त्यामुळे आरडाओरडा करणाऱ्याला सहानुभूती मिळायची आणि तिकीटवाल्याला माफी.

दुसरं, रकमेची फोड मागा. उरलेलं भाडं किती, इन्स्टॉलेशनची वसुली किती, उपकरणाचे किती, कर किती. तुम्ही सांगताय त्यात एक गोष्ट मला ढळढळीत दिसतेय: उरलेल्या ९ महिन्यांचं भाडंही घ्यायचं आणि इन्स्टॉलेशनची सूटही परत घ्यायची, हे दोन्ही एकदम कसं? सूट २४ महिने पैसे देण्याच्या बदल्यात होती. २४ महिन्यांचे पैसे भरले तर अट पुरी झाली, मग सूट कशासाठी परत? आणि घेतलीच तर पूर्ण का? २४ पैकी १५ महिने तुम्ही राहिलात ना! हे शांतपणे लेखी विचारा. बऱ्याचदा एक आकडा तिथेच गळतो.

कंपनी कशालाच बधली नाही तर सगळ्यात स्वस्त प्लॅनवर उतरून उरलेले महिने काढता येतात का ते बघा. काही करारांत प्लॅन खाली आणायला बंदी नसते. वापर नसलेल्या लाइनचे पैसे देताना जीव जळतो, पण बेरीज करून बघा, दंडापेक्षा कमी पडू शकते.

तारखेचं जपा. नोटीस बहुतेक ठिकाणी ३० दिवसांची असते आणि ती लेखी पोचल्यापासून मोजतात, फोनपासून नाही. ईमेलमध्ये बंद करण्याची तारीख नसेल तर एखादा उत्साही कर्मचारी त्याच संध्याकाळी लाइन कापतो, आणि तुमचे वर्ग संध्याकाळीच असतात.

लँडलाइन नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेता येत असेल तर आधी नंबर न्या, मग लाइन बंद करा. उलट केलंत तर नंबर गेला, मग तो परत मिळवणं महाकठीण. नेता येत नसेल तर लाइन चालू आहे तोवरच बँकेत नंबर बदलून घ्या, कारण बदलाची खातरजमा करायचा फोन कधीकधी जुन्याच नंबरावर येतो. सासऱ्यांना सांगण्याचं काम नवऱ्याकडे द्या.

कलमकसाई

तुम्ही कुठल्या देशात आहात ते लिहिलेलं नाही, आणि या प्रश्नाचं उत्तर देशागणिक बदलतं. मला पक्कं माहीत आहे तेवढं लिहितो.

जर्मनीत असाल तर प्रश्न जवळजवळ सुटलाच. तिथल्या दूरसंचार कायद्याचं कलम ६०, १ डिसेंबर २०२१ पासून लागू, अगदी तुमच्यासाठी लिहिल्यासारखं आहे. कंपनी नव्या पत्त्यावर सेवा देत असेल तर तोच करार, तीच मुदत तिथे चालू राहते. देत नसेल तर ग्राहक एक महिन्याच्या नोटिशीने बाहेर पडू शकतो. युरोपीय संघाच्या २०१८ च्या दूरसंचार संहितेत ग्राहकांच्या कराराची सुरुवातीची मुदत २४ महिन्यांपेक्षा जास्त असू नये असं आहे. मुदत संपून करार आपोआप वाढला असेल तर जास्तीत जास्त एक महिन्याच्या नोटिशीवर तो सोडता येतो. ब्रिटनमध्ये घर बदललं म्हणून असा थेट हक्क नाही. तिथे नियामक ऑफकॉमची वेगाबद्दलची एक ऐच्छिक आचारसंहिता आहे. तिच्यावर सही केलेल्या कंपनीने करार करताना लिहून दिलेला किमान वेग मिळाला नाही आणि ३० दिवसांत ती तो सुधारू शकली नाही, तर विना-दंड बाहेर पडता येतं. अमेरिकेत २०२४ पासून प्रत्येक प्लॅनबरोबर एक ठरावीक नमुन्याचं लेबल द्यावं लागतं आणि मुदतपूर्व बंद करण्याचं शुल्क त्यावर छापावं लागतं. धोरण वेबसाइटवर शोधा, ही सबब तिथे चालत नाही.

भारतात असाल तर घर बदलण्याबद्दल असं नेमकं कलम माझ्या पाहण्यात नाही, पण दोन आधार आहेत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(४६) मध्ये अन्याय्य कराराची व्याख्या आहे. कराराच्या भंगाने झालेल्या नुकसानाच्या मानाने पूर्णपणे विषम असा दंड लावणं त्यात येतं. दुसरा आधार जुना, १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४: करारात रक्कम लिहिली असली तरी ती कमाल मर्यादा, मिळते ती वाजवी भरपाई. तुमच्या करारात तर रक्कमही लिहिलेली नाही. आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात तक्रार, तिथे समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे, हा ठरलेला मार्ग आहे. शिवाय राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. ते निकाल देत नाहीत, पण तक्रार कंपनीच्या वरच्या मजल्यावर पोचते आणि तेवढ्याने पुष्कळदा काम होतं.

बाकी पहिल्या ईमेलमध्ये कायदा नको, हे जुना_टेलिफोन यांचं म्हणणं मला पटलं. कलमं दुसऱ्या ईमेलसाठी राखून ठेवा.

सुईदोरा

मनापासून आभार, विशेषतः जुना_टेलिफोन. तुमच्या शब्दांत ईमेल पाठवला. उत्तर आलं आणि त्यात नवीनच पाचर. फायबर तिथे नाही हे कबूल, पण "आमची वायरलेस होम ब्रॉडबँड सेवा आपल्या नव्या पत्त्यावर उपलब्ध असून आपला प्लॅन त्यावर वर्ग करता येईल". म्हणजे सेवा आहे, म्हणजे घ्या, नाही घेतली तर शुल्क भरा. खिडकीत ठेवायचा एक डबा देणार, म्हणे वेग तोच. हे खरंच सारखं असतं का? की मला गंडवतायत?

तांब्याची_तार

मी नेटवर्कच्या कामात आहे, म्हणून फक्त तांत्रिक भागाबद्दल बोलतो.

सारखं नसतं. फायबरवरही लाइन वाटलेलीच असते. एकाच फायबरवर अनेक घरं जोडायच्या साध्या जीपॉन पद्धतीत सुमारे २.५ जीबीपीएस उतरती (डाउनलोड) आणि १.२५ चढती (अपलोड) क्षमता साधारण ३२ किंवा ६४ घरांत वाटतात. पण ती घरं ठरलेली असतात, आणि काचेच्या तारेला पाऊस, भिंत, समोरची नवी इमारत यांचं सोयरसुतक नसतं. वायरलेसमध्ये टॉवरची क्षमता त्या परिसरातल्या सगळ्यांत वाटली जाते, त्यात रस्त्यावरचे मोबाइलही आले. सगळे घरी येऊन मोबाइल उघडतात ती वेळ म्हणजे नेमकी तुमच्या वर्गांची वेळ.

जाहिरातीतला वेग डाउनलोडचा असतो. तुम्हाला लागतो अपलोड. चांगल्या व्हिडिओ वर्गाला ३-४ एमबीपीएस अपलोड पुरतो, फार नाही, पण तो सलग हवा. क्षणात आठ आणि क्षणात अर्धा झाला तर सरासरी कागदावर उत्तम दिसते आणि मुलांना तुमचा आवाज रोबोसारखा ऐकू येतो. शिवाय वायरलेस सेवेत बहुधा तुमचा स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता (इंटरनेटवर तुमचं कनेक्शन ओळखणारा क्रमांक) नसतो, अनेक घरं एकाच पत्त्यामागे असतात. घरातला कॅमेरा बाहेरून बघायचा असेल तर तिथे अडतं. काही जणांचं वायरलेसवर झकास चालतं हेही सांगतो. टॉवर जवळ, गर्दी कमी, तर प्रश्न नाही.

म्हणून "नको" म्हणू नका, लेखी विचारा. करारातला प्लॅन फायबरचा आहे. वायरलेसवर किमान अपलोड वेग किती मिळेल याची लेखी हमी द्या, आणि संध्याकाळच्या वेळेत नव्या पत्त्यावर चाचणी करून दाखवा. हमी देणार नाहीत. कुठलीच कंपनी वायरलेसवर किमान अपलोड लिहून द्यायला सहजी तयार होत नाही.

आणखी एक. सध्याच्या घरातला फायबरचा डबा उचलून नव्या घरी नेऊ नका, लोक नेतात. तो त्याच्या सिरियल नंबरवर कंपनीच्या यंत्रणेत नोंदवलेला असतो. दुसऱ्या कंपनीच्या तारेवर तो लावला तर लाल दिवा लागून बसेल. तार काढताना हिरव्या टोकाची पिन सरळ ओढायची, आणि धुळीचं टोपण असेल तर लावायचं. भिंतीतली तार दुमडून कपाटामागे कोंबू नका, काच तुटते आणि "नुकसान" म्हणून तुमच्याच नावावर लागते.

सुईदोरा

कळवायचं राहिलं होतं. घर बदलून झालं, खोकी अजून निम्मी बंद आहेत, पण नेट नव्या कंपनीचं, आणि वर्ग बुडाले नाहीत.

अपलोडच्या हमीचा ईमेल गेल्यावर तिकडे बराच वेळ शांतता. मग एका वरिष्ठ बाईंचा फोन. सरळ बोलत होत्या. म्हणाल्या, हमी देता येणार नाही, आपण मिटवून टाकू. उरलेल्या महिन्यांचं भाडं पूर्ण सोडलं. इन्स्टॉलेशनची सूट मात्र २४ भागांत वाटून उरलेल्या ९ भागांची घेतली. ते मला वाजवी वाटलं, म्हणून ताणलं नाही. कलमकसाई, तुमची कलमं लागलीच नाहीत, पण मसुद्यात लिहून तयार होती. फोनवर ठरलेलं सगळं त्यांच्याकडून ईमेलवर मागून घेतलं आणि ते आल्यावरच बंद करण्याची तारीख दिली.

खरी खडाजंगी झाली ती डबा परत देताना. न्यायला आलेल्या मुलाने पावतीवर लिहिलं "राउटर १ नग" आणि निघाला. मी म्हटलं, थांब. डबा उलटा करून खालच्या स्टिकरवरचा सिरियल नंबर त्याला वाचून दाखवला, तो लिहायला लावला. मग अ‍ॅडॅप्टर. तो म्हणे, अ‍ॅडॅप्टर लिहायची पद्धत नाही. मी म्हटलं, मग अ‍ॅडॅप्टर माझ्याकडेच राहू दे. लगेच लिहिलं. पावती हातात धरलेल्या अवस्थेत डब्याचा फोटो काढला. अंतिम बिलात अ‍ॅडॅप्टरचे पैसे खरोखरच लागून आले होते! फोटो पाठवला, दुरुस्त बिल आलं.

लँडलाइन नंबर नेता आला नाही. बँकेत आधीच बदलला होता. सासरे दोन दिवस बोलले नाहीत, मग त्यांनी स्वतःच डॉक्टरांना नवा नंबर कळवला.

भाडेकरू_नं_२

धागा वाचून एक शंका. माझीही अशीच स्थिती आहे, फक्त माझ्या जागी येणारे भाडेकरू म्हणतात की कनेक्शन आम्हीच चालू ठेवतो, तुम्ही दंड कशाला भरता. द्यावं का त्यांना तसंच?

जुना_टेलिफोन

द्या, पण तसंच नको. कंपनीकडून नावबदलाचा अर्ज घ्या, त्यांची ओळखपत्रं त्यांना देऊ द्या, आणि उरलेला किमान कालावधी त्यांच्या नावावर गेल्याचं लेखी घ्या. कनेक्शन तुमच्या नावावर आहे तोवर बिलही तुमचं आणि त्या लाइनवरून कोणी काही भलतंसलतं केलं तर पहिली विचारणाही तुमच्याकडे. नाव बदललं की ऑटो-डेबिट अजून तुमच्याच खात्याला जोडलेलं नाही ना, ते बँकेच्या बाजूने तपासा. कंपनी नाव बदलते, खातं बदलायला विसरते.